चंद्राला पडतं ते खळे

परवा कोजागरीला गच्चीवर दूध आटत असताना चंद्राभोवती भलंमोठं कडं दिसलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, "खळं पडलंय बघा." त्यावर त्यांच्या नातीने मला विचारलं, "काका, गालाला खळी पडते तसंच का हे?" दुधाच्या घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून आता सविस्तर.

खळीचं नातं खळग्याशी, खोलगटपणाशी. खळे वेगळं. ते संस्कृत 'खल'वरून आलं, अर्थ धान्य मळायची जागा. ऋग्वेदाच्या १०व्या मंडलात इंद्र म्हणतो की खळ्यातल्या पेंढ्यांसारखं मी शत्रूंना झोडपतो. इतका जुना हा शब्द. (पसायदानातल्या 'खळांची व्यंकटी'मधला खळ म्हणजे दुष्ट; त्याचा इथे संबंध नाही.) कोकणात घरापुढच्या अंगणालाही खळं म्हणतात.

मग मळणीची जागा आभाळात कशी गेली? ज्याने खळं पाहिलंय त्याला हे सांगावं लागत नाही. माझं आजोळ सासवडकडचं. ज्वारी काढणीला आली की जमीन चोपून, शेणाने सारवून गोल खळं तयार व्हायचं. मधोमध तिवडा म्हणजे खांब रोवायचा, कणसं पसरायची आणि मुसकी बांधलेल्या बैलांची पात तिवड्याभोवती फिरायची. मळणी उरकून खळं झाडलं की आत स्वच्छ गोल जमीन आणि कडेने भुसाची फिकट रेघ. आता चंद्राकडे बघा. मध्ये तिवड्याच्या जागी चंद्र, भोवती कडं, आणि कड्याच्या आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा जरा काळसर, झाडून काढल्यासारखं. ज्याने हे नाव दिलं त्याची नजर फार बारीक होती.

याहून नवल पुढे आहे. अशा कड्याला इंग्रजीत 'हेलो' (halo) म्हणतात; तो ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्या 'हालोस'चाही मूळ अर्थ खळंच! दोन्ही शब्द नात्याचे नव्हेत. ग्रीक शेतकऱ्याला आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याला वर बघून एकच गोष्ट आठवली.

संस्कृतात याला परिवेष म्हणतात. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला आणि विरळ ढगांच्या आभाळात तो दिसतो, हे नोंदवलं. ते अगदी बरोबर आहे. खूप उंचावरच्या पातळ ढगांत बर्फाचे षट्कोनी स्फटिक असतात, त्यांतून प्रकाश वळतो आणि चंद्रापासून साधारण २२ अंशांवर कडं उमटतं. मळभ दाटलं की खळं नाहीसं होतं. खळं पडलं की पाऊस येतो असं आजी म्हणतात. असे ढग कधीकधी पावसाळी ढगांच्या पुढे येतात खरे, पण दर वेळी नाही.

हल्ली सर्रास 'तेजोवलय' लिहितात. संतांच्या चित्रात डोक्यामागे असतं ते तेजोवलय, देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ. चंद्राला मात्र खळंच पडावं, असं माझं ठाम मत आहे.

आणि नातीसाठी एक: पुढच्या वेळी हात लांब करून पंजा पूर्ण फाकव. अंगठ्याचं टोक चंद्रावर ठेवलंस की करंगळी साधारण खळ्याच्या कडेला लागेल.