लग्नासाठी शुक्रवारचं डायलिसिस चुकवलं तर?

प्रश्न : सिस्टर, माझे वडील 61 वर्षांचे आहेत. दीड वर्षापासून त्यांचं सोमवार-बुधवार-शुक्रवार असं डायलिसिस चालू आहे. पुढच्या महिन्यात त्यांच्या पुतणीचं लग्न नेमकं शुक्रवारी आलंय. बाबा म्हणतात, "बुधवारी करून घेतो, मग थेट सोमवारी. एका पाळीनं काय होतंय?" शेवटच्या तासाला त्यांच्या पायांत असे गोळे येतात की बघवत नाही. एवढी एक सुटका त्यांना द्यावी का?
– एक मुलगी, सातारा

उत्तर : ताई, नको. लग्नाला मात्र त्यांना जरूर न्या.

मी 26 वर्षं डायलिसिस विभागात सिस्टर होते. एका वर्षी गौरीजेवणासाठी आमच्या एका निवृत्त कंडक्टरकाकांनी अशीच शुक्रवारची पाळी बुडवली. सोमवारी पहाटे मुलानं त्यांना धरून आणलं. काट्यावर वजन ड्राय वेटपेक्षा, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाच्या वजनापेक्षा, 5 किलो 200 ग्रॅम जास्त. आडवं होता येईना, एक वाक्य बोलायला तीनदा थांबत होते. पलंगाचं डोकं उंच करून, ऑक्सिजन लावून मशीन सुरू केलं. वाचले. पण त्या दिवशी गोळे आले तेव्हा त्यांची पोटरी माझ्या हाताखाली दगडासारखी लागत होती.

शनिवार-रविवारच्या सुट्टीनंतर रुग्ण जास्त बिघडलेले येतात, हे आम्ही वॉर्डात रोज बघत होतो. 2011 साली अमेरिकेतल्या 32,065 डायलिसिस रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा तेच दिसलं. 100 रुग्ण आणि एक वर्ष असा हिशेब धरला, तर आठवड्यातल्या मोठ्या सुट्टीनंतरच्या दिवशी मृत्यूचं प्रमाण 22 पडलं आणि बाकीच्या दिवशी 18. हा नोंदींचा अभ्यास आहे, त्यामुळे सुट्टी हेच एकमेव कारण असं तो सिद्ध करत नाही. पण त्या दिवसांत अंगात पाणी साठतं, पोटॅशियम चढतं आणि दोन्हींचा ताण हृदयावर येतो, हे पक्कं. आणि तिथे मधले दोनच दिवस मोकळे होते. बाबांचे चार होतील.

आता पायांतल्या गोळ्यांचं. वजन जितकं जास्त वाढून येतं, तितकं पाणी त्याच चार तासांत ओढावं लागतं. मग बी.पी. पडतं, गोळे येतात. दर किलो वजनामागे तासाला 13 मिलिलिटरपेक्षा जास्त वेगानं पाणी काढलेल्या रुग्णांत मृत्यू जास्त, असंही 2011 च्याच एका अभ्यासात आढळलं. बाबा 60 किलोंचे असतील, तर चार तासांत साधारण 3 लिटर. त्यापुढे ओढाताणच. म्हणजे गोळ्यांना कंटाळून पाळी चुकवली, तर सोमवारी तेच गोळे दुपटीनं येणार. गोळे दर वेळी येत असतील तर डॉक्टरांना सांगून ड्राय वेट पुन्हा तपासून घ्या, वेळ अर्धा तास वाढवता येईल का तेही विचारा. हे बहुतेक जण विचारतच नाहीत, मुकाट्यानं सोसतात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

आजच सेंटरला फोन करा. लग्न जवळपास आणि मुहूर्त संध्याकाळचा असेल, तर शुक्रवारची सकाळची पहिली शिफ्ट मागा. नाहीतर शनिवारची, आणि सोमवार ठरल्याप्रमाणे. लग्न परगावी असेल तर तिथल्या सेंटरला आधीच विचारा. ते हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट मागतील.

शनिवार ठरला तर लग्नातलं जेवण सांभाळा. जिलेबी एखादी खाऊ द्या. मठ्ठा, पापड, लोणचं आणि शहाळं मात्र नको. मिठानं तहान लागते, आणि लग्नघरात पाण्याचा ग्लास कुणी ना कुणी पुढे करतंच. घरून अर्ध्या लिटरची बाटली भरून द्या आणि दिवसभरात किती प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलेलं त्यांच्याकडून पाठ म्हणवून घ्या. तिथे दम लागला, छातीत धडधडलं किंवा हातपाय गळाल्यासारखे झाले, तर शनिवारची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा.

शनिवारी काट्यावर किती भरले, ते मला जरूर कळवा.