ऑपरेशननंतरची गोळी: किती घ्यायची, कधी सोडायची

या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख ट्रॅमाडॉल या वेदनाशामकावर आहे. उत्तरे भूलतज्ज्ञ आणि व्यसनमुक्तीचे काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून दिली आहेत. मात्रांचे आकडे प्रौढांसाठीचे आहेत. स्वतःच्या गोळीत फेरफार करण्याआधी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा.

प्रश्न: आईचे (वय ६८, वजन ५२ किलो) दोन्ही गुडघे बदलून नऊ दिवस झाले. डिस्चार्ज कार्डावर अ‍ॅसेक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल दोनदा, ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉल तीनदा, रात्री प्रीगाबालिन ७५ आणि ‘गरज पडल्यास’ पॅरासिटामॉल ६५० तीनदा असे लिहिले आहे. शिवाय छातीवर सात दिवसांचा ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच आहे. शेजारच्या काकूंनी ‘ट्रॅमाडॉलची सवय लागते’ असे सांगितल्यापासून आई ती गोळी उशीखाली ठेवून देते आणि फिजिओ आले की रडते. काय करावे? (सांगली)

उत्तर: सवय लागू शकते, काकूंचे म्हणणे अगदीच चूक नाही. पण नवव्या दिवशी आईंना त्याहून मोठा धोका आहे तो न वाकणाऱ्या गुडघ्याचा. साधारण दोन आठवड्यांत गुडघा ९० अंशांपर्यंत वाकायला हवा. दुखते म्हणून व्यायाम टळला की आत घट्ट ऊती तयार होतात आणि मग तो वाकवण्यासाठी पुन्हा भूल द्यायची वेळ येऊ शकते. ट्रॅमाडॉलचा असर चढायला तासभर लागतो. फिजिओ अकराला येत असतील तर गोळी दहाला पोटात गेलेली हवी. व्यायाम झाल्यावर बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटे. बर्फ थेट कातडीवर नको.

आता कार्डावरच्या गोळ्यांची बेरीज करू, कारण खरी अडचण तिथे आहे. अ‍ॅसेक्लोफेनॅक या सूज आणि दुखणे कमी करणाऱ्या औषधाच्या जोडगोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, दोनदा म्हणजे ६५०. ट्रॅमाडॉलच्या जोडगोळीतही ३२५, तीनदा म्हणजे ९७५. ‘गरज पडल्यास’च्या तीन गोळ्यांचे १९५०. एकूण ३५७५ मिलिग्रॅम. धडधाकट माणसाची दिवसाची मर्यादा ४००० असली, तरी वयस्कर आणि हलक्या वजनाच्या व्यक्तीला ३००० च्या आत ठेवणे बरे. त्यात अंग कसकसले म्हणून घरातल्या कुणी तापाची गोळी दिली, की यकृतावरचा भार आणखी वाढतो. तीन स्ट्रिप तीन नावांच्या असतात, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही. स्ट्रिपच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, ते भिंगाने का होईना, वाचा.

दुसरी गोष्ट, पॅच आणि ट्रॅमाडॉल ही दोन्ही अफूच्या जातकुळीतली औषधे, म्हणजे ओपिऑइड. जोडीला नसांच्या दुखण्यावरचे प्रीगाबालिन. तिन्ही मिळून गुंगी वाढवतात आणि झोपेत श्वास मंदावू शकतात. ‘तिन्ही एकत्र चालू ठेवायची का?’ असा प्रश्न सर्जनना थेट विचारा. वॉर्डातल्या भूलतज्ज्ञांनी पॅच लावला आणि डिस्चार्जच्या वेळी रेसिडेंट डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल लिहिले, असे होत असते. हाक मारून आई जाग्या होत नसतील, ओठ निळसर दिसत असतील किंवा श्वास मिनिटाला दहाहून कमी पडत असेल, तर फोनाफोनीत वेळ घालवू नका. १०८ ला कळवा.

पॅच ज्या वारी लावला त्याच वारी बदलायचा, दिनदर्शिकेवर खूण करून ठेवायची. जुना काढल्याशिवाय नवा लावायचा नाही, हे लिहावे लागते कारण पाठीवरचा जुना पॅच दिसतच नाही. नव्याची जागा वेगळी हवी, तीच जागा पुन्हा तीन-चार आठवडे नको. कात्रीने अर्धा करू नये. त्यावर गरम पाण्याची पिशवी, विजेचे पांघरूण किंवा कडक उन्हाचा शेक नको, कारण उष्णतेने औषध भराभर अंगात उतरते. ताप चढला तरीही तसेच होते. काढलेल्या पॅचमध्ये बरेच औषध शिल्लक असते, म्हणून चिकट बाजू आत घेऊन दुमडावा आणि नातवंडांच्या हाती लागणार नाही असा टाकावा.

बद्धकोष्ठता होणारच हे धरून चला. ओपिऑइडने आतडे सुस्तावते आणि इतर त्रासांसारखी याची शरीराला सवय होत नाही. आपल्याकडे लगेच इसबगोल देतात. पण आतडे हलत नसताना आणि पाणी कमी प्यायले जात असताना इसबगोल आतच गोळा होऊन बसते. बिसाकोडिल किंवा सोनामुखीसारखे आतड्याला चालना देणारे औषध, सोबत लॅक्टुलोज, हे पहिल्या दिवसापासून डॉक्टरांकडून लिहून घ्या. रात्री लघवीला उठताना चक्कर येते. नव्या गुडघ्यावर पडणे परवडणारे नाही, तेव्हा कमोडची खुर्ची पलंगाशेजारी आणि दिवा चालू.

सोडायचा क्रम ठरलेला असतो. आधी ट्रॅमाडॉल कमी होते: दुपारची गोळी, मग रात्रीची, आणि फिजिओच्या आधीची शेवटी. त्यानंतर अ‍ॅसेक्लोफेनॅक, सर्वांत शेवटी पॅरासिटामॉल. आईंना रक्तदाबाची टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवीची गोळी चालू असेल, तर अ‍ॅसेक्लोफेनॅकने मूत्रपिंडावर ताण येतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारे औषध दिले असेल, तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोकाही वाढतो. काळी, डांबरासारखी शी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. प्रीगाबालिन एकदम तोडू नये, आठवडाभरात उतरवावे.

तारीख मात्र आजच कार्डावर लिहून घ्या: ‘ट्रॅमाडॉल अमुक तारखेला बंद.’ गुडघ्यासाठी ती बहुधा दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान येते. दुखणे रोज थोडे उतरायला हवे. ते उलट वाढत असेल, पोटरी सुजून दुखत असेल, टाक्यांतून पाणी येत असेल किंवा ताप १००.४ च्या वर असेल, तर गोळी वाढवू नका, सर्जनना दाखवा.

प्रश्न: चार महिन्यांपूर्वी मणक्याचे ऑपरेशन झाले. वय ४१. तेव्हापासून ट्रॅमाडॉल ५० च्या चार कॅप्सूल रोज. पाय आता दुखत नाही. पण गोळी चुकली की दुसऱ्या दिवशी नाक गळते, अंगावर काटा येतो, झोप उडते, पाय नुसते हलवावेसे वाटतात. मी व्यसनी झालो का? (नाशिक)

उत्तर: पत्रात लिहिलेले सगळे शारीरिक अवलंबनाचे लक्षण आहे. रोज ओपिऑइड घेणाऱ्या कुणाच्याही शरीरात काही आठवड्यांत ते तयार होते. व्यसन त्याच्या पुढची पायरी. दुखत नसताना मन हलके व्हावे म्हणून गोळी घेता का? ठरवल्यापेक्षा जास्त घेतली जाते का? दोन डॉक्टरांकडून किंवा दोन मेडिकलमधून आणता का? स्ट्रिप बायकोपासून लपवता का? नोकरीत किंवा घरात नुकसान दिसत असूनही सोडवत नाही का? यातल्या दोन-तीन प्रश्नांना ‘हो’ असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सगळ्यांना ‘नाही’ असेल, तर सावकाश उतरण्याने काम होते.

ट्रॅमाडॉल एकाच वेळी दोन कामे करते. ते ओपिऑइड आहेच, शिवाय नैराश्यावरच्या काही गोळ्यांप्रमाणे मेंदूतले सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनही वाढवते. म्हणून ते एकदम तोडल्यावर नाक गळण्याबरोबर काहींना धास्ती, अंगात झिणझिण्या, भीतीचे झटके असेही होते. याच गुणामुळे जास्त मात्रेत फिट येऊ शकते. दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा त्यासाठीच आहे, आणि पंचाहत्तरीपुढे ३००. नैराश्याची गोळी चालू असेल किंवा पूर्वी फिट आली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. दारू तर नकोच.

तुमचे २०० मिलिग्रॅम आहेत. पहिल्यांदा दुपारची कॅप्सूल काढून तीनवर या आणि दोन आठवडे थांबा. मग दोनवर, पुन्हा दोन आठवडे. रात्रीची शेवटी ठेवा, झोप सांभाळली की बाकीचे सोसते. शेवटच्या ५० वर बरेच जण अडकतात, कारण कॅप्सूल अर्धी होत नाही. तिथे डॉक्टर साधी गोळी किंवा थेंब लिहून देऊ शकतात, म्हणजे २५ वर उतरता येते. ‘एसआर’ लिहिलेली गोळी मात्र तोडू नका, चावूही नका. ती बारा-चोवीस तासांत हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते, मोडली की सगळी मात्रा एकदम मिळते.

प्रत्येक पायरीनंतर तीन-चार दिवस अंग दुखेल. ते सर्वांगाला असते, सोबत जांभया आणि नाक गळणे असते, आणि ओसरते. त्या दिवसांत मागच्या पायरीवर परतण्याचा मोह होतो. परतण्यापेक्षा आहे तिथेच आणखी आठवडाभर थांबावे. एकाच पायात कळ जाणे, पाऊल लुळे पडणे, लघवी-शी कळेनाशी होणे ही मात्र मणक्याची भाषा. तेव्हा तातडीने रुग्णालय.

एकट्याने जमत नसेल तर राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलि-मानस १४४१६ आहेत. पुण्यातले मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते. लाज वाटायचे कारण नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत औषधी ओपिऑइड वापरणाऱ्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे एक टक्का निघाले होते.

प्रश्न: ओळखीचा मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर ट्रॅमाडॉल द्यायचा, आता नाही म्हणतो. (लातूर)

उत्तर: बरोबर करतो. ट्रॅमाडॉल शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत आहे. दुकानदाराला डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. एप्रिल २०१८ पासून ते अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याखालीही आले. ‘तेवढी एक स्ट्रिप द्या हो’ यातूनच नाशिकच्या पत्रासारखी पत्रे तयार होतात. आणि चिठ्ठी नाही म्हणून दवाखान्यात जाऊन पेंटाझोसिन या दुसऱ्या ओपिऑइडचे इंजेक्शन टोचून घेणे हा त्याहून वाईट मार्ग. वारंवार टोचलेल्या जागी स्नायू दगडासारखा कडक होतो आणि न भरणारे व्रण पडतात.

प्रश्न: यजमानांची दारू सुटून दोन वर्षे झाली. नाल्ट्रेक्सोन ५० रोज चालू. पुढच्या महिन्यात हर्नियाचे ऑपरेशन. सर्जनना जुने सांगायला ते तयार नाहीत. (कोल्हापूर)

उत्तर: सर्जनना नाही तर नाही, भूलतज्ज्ञांना सांगावेच लागेल. दारूची तलफ कमी करणारे नाल्ट्रेक्सोन ओपिऑइडचा मार्गच अडवते. ते चालू असताना ऑपरेशन झाले, तर नेहमीच्या मात्रेने दुखणे थांबत नाही, आणि कारण माहीत नसलेले डॉक्टर मात्रा वाढवत जातात. गोळी साधारण ७२ तास आधी थांबवतात. थांबवल्यानंतर शरीर ओपिऑइडला जास्तच संवेदनशील असू शकते, म्हणून पहिली मात्रा लहान. पुन्हा सुरू करताना शेवटच्या ट्रॅमाडॉलनंतर सात ते दहा दिवस जाऊ द्यावे लागतात. घाई केली तर विड्रॉलचा, म्हणजे ओपिऑइड तुटल्याचा, त्रास एकदम उसळतो. मधल्या दिवसांत दारूची तलफ उठू शकते, म्हणून व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांची भेट त्याच आठवड्यात ठरवून ठेवा.

हर्नियाला ओपिऑइड लागेलच असे नाही. पोटाच्या भिंतीतल्या नसा बधिर करण्याचा ब्लॉक मागून घ्या, त्याने पहिले अनेक तास निभतात. पुढे पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन घड्याळ लावून, दुखायची वाट न बघता. यकृताची तपासणी आधी करून पॅरासिटामॉलची मर्यादा ठरवून घ्या. ट्रॅमाडॉल लागलेच तर पाच-दहा गोळ्या पुरतात. स्ट्रिप तुमच्याकडे ठेवा आणि एकेक हातावर द्या. हे पाळत ठेवल्यासारखे वाटू नये म्हणून ऑपरेशनच्या आधी दोघांनी बसून ठरवा.

प्रश्न: मुलाच्या (वय १७) अक्कलदाढा काढल्या. डेंटिस्टनी हायड्रोकोडोनच्या गोळ्या लिहिल्या आहेत. इथल्या बातम्या वाचून भीती वाटते. (न्यू जर्सी)

उत्तर: भीती रास्त आहे. हायड्रोकोडोनही ओपिऑइडच. ऑक्सिकॉन्टिन ही ओपिऑइड गोळी १९९६ मध्ये बाजारात आल्यापासून अमेरिकेने काय भोगले ते तुम्ही जवळून पाहता. तिथल्या रोग नियंत्रण केंद्राच्या (सीडीसी) २०१७ च्या विश्लेषणात पहिल्यांदाच ओपिऑइड घेणाऱ्यांपैकी एक किंवा अधिक दिवसांची मात्रा मिळालेले ६ टक्के लोक वर्षानंतरही ते घेत होते. पहिला कोर्स आठ दिवसांचा किंवा अधिक असेल तर हे प्रमाण १३.५ टक्के, महिन्याहून मोठा असेल तर जवळजवळ ३० टक्के. तुमच्या राज्यात तीव्र दुखण्यासाठी पहिली चिठ्ठी पाच दिवसांपुरतीच देता येते, ती याच काळजीपोटी.

दाढांच्या दुखण्याला आयबुप्रोफेन ४०० आणि अ‍ॅसिटामिनोफेन ५००, दोन्ही एकत्र, दर सहा तासांनी, जेवणानंतर, हे बहुतेकांना पुरते. दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारा. अ‍ॅसिटामिनोफेन म्हणजे आपले पॅरासिटामॉलच, आणि हायड्रोकोडोनच्या गोळीतही ते असते, तेव्हा बेरीज करा. चिठ्ठीवरच्या गोळ्या न आणता दोन दिवस थांबून पाहायला हरकत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणे अचानक वाढले आणि तोंडाला वास येऊ लागला, तर खाचेतली रक्ताची गुठळी निघून हाड उघडे पडले असण्याची शक्यता असते. त्यावर डेंटिस्ट औषधी पट्टी भरतात आणि बहुधा लवकरच आराम पडतो.

गोळ्या आणल्याच असतील तर कुलपात ठेवा आणि मोजून ठेवा. उरलेल्या फार्मसीतल्या परत-पेटीत टाका. ती जवळ नसेल तर हायड्रोकोडोन शौचालयात फ्लश करण्याची परवानगी तिथल्या औषध नियामक एफडीएने दिली आहे. भारतात केंद्रीय औषध नियामक सीडीएससीओच्या २०२५ च्या सूचनांतही ट्रॅमाडॉल, ब्युप्रेनॉर्फिन, फेंटानिल अशा मोजक्या औषधांना हीच मुभा आहे. बाकीची औषधे फ्लश करायची नाहीत.