लाईट घेतली, गाठ निम्मी झाली, मग परत कशी वाढली?

प्रश्न : आमचे आबा, वय ६४. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं घालण्यात जन्म गेला, जोडीला बिडी. गेल्या वर्षी उजव्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. म्हणून कोल्हापुरात लाईटचे, म्हणजे रेडिएशनचे, ३० दिवस आणि आठवड्याला एक केमोची सलाईन असं ठरलं. मधेच पंचगंगेला पाणी आलं, रस्ता बंद झाला, ८ दिवस खाडा पडला. पुढं ते दिवस भरून घेतले. पहिल्या सीटीत गाठ निम्म्यावर आली होती. आता ५ महिन्यांनी त्याच जागी वाढल्यासारखं दिसतंय. डॉक्टर म्हणाले, गाठ रेडिएशनला दाद देत नाही. आबा म्हणतात, "लव्हाळ्यागत झालंय, वरनं जळालं, खाली गाठ हाय." भाऊ म्हणतो डोस कमी पडला, पाहुणे म्हणतात मशीन जुनं असणार. मला मात्र ते ८ दिवस झोपू देत नाहीत. खरं काय समजायचं?
— एक मुलगी, करवीर तालुका

उत्तर : लव्हाळ्याचं उदाहरण मी आता ओपीडीत वापरणार आहे, आबांना तसं सांगा. इतकी वर्षं पेशंटना हेच समजावतेय, एवढं नेमकं मला सुचलं नव्हतं.

पण आधी एक शंका. ५ महिन्यांनी त्या जागी दिसतंय ते गाठच आहे, हे कशावरून? रेडिएशननंतर १ ते ६ महिन्यांत फुप्फुसाला सूज येऊ शकते, आणि पुढं तो भाग आकसून घट्ट होतो. सीटीवर हा पांढरा डाग गाठीसारखाच दिसतो. पेट स्कॅनसुद्धा सुजेला फसतो. त्यामुळं जमण्यासारखं असेल तर तुकडा काढून तपासा, निदान जुन्या-नव्या सीटी शेजारी ठेवून बघायला सांगा. "दाद देत नाही" हे त्यानंतरचं वाक्य.

आता ती खरोखर गाठच आहे असं धरू. किरण पेशीला जाळत नाहीत, तिच्या डीएनएचा दोर तोडतात. ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप; १ ग्रे डोसाला एका पेशीत दोन्ही पदर तुटलेले साधारण २० ते ४० तुकडे पडतात. आबांना रोज बहुधा २ ग्रे दिले असतील. पेशीकडं हे सांधायची यंत्रणा असते, तुमच्या-माझ्या पेशीतही असते. म्हणून तर आम्ही डोस ३० दिवसांत विभागून देतो: चांगल्या पेशींना रात्रभरात डागडुजी करता यावी. अडचण अशी, की काही कॅन्सर पेशीही या कामात तरबेज असतात.

किती फरक पडतो, बघा. १ ग्रॅमच्या गाठीत ढोबळमानानं १०० कोटी पेशी असतात. रोज निम्म्या वाचतात असं धरलं, तर ३० दिवसांनी जेमतेम एक उरते. रोज ५० ऐवजी ६० टक्के वाचल्या, तर उरतात दोनशेवर. स्कॅनमध्ये दोन्ही गाठी सारख्याच छान वितळलेल्या दिसतील! आणि त्या दोनशे कोण? सांधण्यात सगळ्यात पटाईत असलेल्या. पुढची गाठ त्यांच्याच वंशाची.

दुसरं कारण आबांना तुमच्याआधी कळेल. चिपाडं दाबून कोंबली की चुलवाण धुमसतं, कारण मधे हवा जात नाही. किरणांनाही प्राणवायू लागतो. त्यांनी केलेली मोडतोड पक्की व्हायला तो जवळ असावा लागतो, नाहीतर ती बरीचशी भरून येते. टॉमलिन्सन आणि ग्रे या इंग्लंडमधल्या दोघांनी १९५५ साली फुप्फुसाच्या कॅन्सरचेच पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रक्तवाहिन्यांपासून मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या भागाइतक्या अंतरावर पेशी मेलेल्या होत्या. मेलेल्या आणि जित्या भागाच्या सीमेवर काही पेशी गुदमरत का होईना, तग धरून असणार. अशा पेशींना मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. आबांच्या कागदावर "६० ग्रे" लिहिलं असेल, तो ग्रे याच माणसाच्या नावाचा.

बिडी इथंच आडवी येते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. उपचार चालू असताना आबा चोरून ओढत होते का, हे रागावून विचारू नका, पण विचारा. चुलवाणाचा धूरही आता नकोच.

काही गाठींमध्ये किरणांमुळं तयार होणारे मारक रेणू गिळून टाकणारी यंत्रणा जनुकीय बिघाडानं कायम चालू राहते. हे तपासणीत कळू शकतं. "ताकदीच्या" अँटिऑक्सिडंट गोळ्याही असेच रेणू गिळू शकतात, म्हणूनच लाईट चालू असताना त्या स्वतःच्या मनानं घेऊ नयेत, असं आम्ही सांगतो.

तुमचे ८ दिवस. उपचार चालू असतानाच उरलेल्या पेशी भराभर वाढायला लागतात, त्यामुळं खाडा चांगला नाही, हे खोटं सांगणार नाही. म्हणून आम्ही तो सुट्टीच्या दिवशी, किंवा दिवसातून दोनदा, किमान ६ तास सोडून देऊन भरून काढतो. तुमच्याकडं तो भरला होता. पुरात घरातलं माणूस बाहेर काढायचं की लाईटला न्यायचं, हा प्रश्न ज्यांना पडत नाही, त्यांनी तुम्हाला बोल लावू नये. तुम्हीही स्वतःला लावू नका.

भावाच्या शंकेला अमेरिकेतल्या डॉक्टरांनी उत्तर दिलंय. एका मोठ्या चाचणीत काहींना ६० ग्रे दिले, काहींना ७४. २०१५ साली निकाल छापून आला: ६० वाल्यांचं मध्य आयुर्मान (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) २८.७ महिने, ७४ वाल्यांचं २०.३. जास्त डोस घेणारे आधी गेले. छातीत गाठीच्या शेजारी हृदय आहे, अन्ननलिका आहे, चांगलं फुप्फुस आहे. मशीनचं म्हणाल, तर गाठ आधी निम्मी झाली म्हणजे किरण जागेवर पोचत होते.

त्याच जागी पुन्हा लाईट देणं मोजक्या पेशंटनाच जमतं. त्याआधी तुकड्यावर ईजीएफआर, एएलके (जनुकांतले बिघाड) आणि पीडी-एल१ (पेशीवरचं एक प्रथिन) या तपासण्या झाल्यात का, ते विचारा. त्यावरून गोळी की इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडणारं औषध), हे ठरतं. जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. दोन्ही सीटीच्या सीडी आणि लाईटच्या प्लॅनिंगचा कागद न्या, त्यात रोजचा डोस आणि खाड्याच्या तारखा असतात. आबांनाही बरोबर न्या, बाहेरच्या बाकावर बसवून ठेवू नका.