आठ लाख दहा हजार

जून ते ऑगस्ट माझ्याकडे समुपदेशनाला दोन प्रकारची माणसं येतात. काहींना मुलाच्या प्रवेशासाठी कर्ज काढावं की नाही हे ठरवायचं असतं. काहींनी ते चार-पाच वर्षांपूर्वी काढलेलं असतं आणि आता हप्त्याचं पत्र दारात येऊन पडलेलं असतं. दोघांचाही प्रश्न एकच, "फिटेल ना हो मॅडम?" पूर्वी मी म्हणायचे, पैशाचं बँकेत विचारा, मनाचं माझ्याकडे. ओंकार भेटला त्यानंतर ही वाटणी मी सोडून दिली. (नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही.)

ओंकार २३ वर्षांचा, पुण्यात आयटीत लागून पाच महिने झालेले. आला झोपेची तक्रार घेऊन. रात्री तीनला जाग, छातीत धडधड, आणि घरचा फोन आला की मोबाइल पालथा. पाच महिन्यांत एकदाही गावी गेला नव्हता. पहिल्या दोन भेटींत मी झोपेवरच काम केलं. श्वास, चहा कमी, रात्री मोबाइल लांब. तिसऱ्या भेटीला तो होता तस्साच आला. चूक माझी होती, मी धूर पुसत बसले होते.

"कर्ज किती आहे?" मी विचारलं.

"बरंच आहे."

"बरंच म्हणजे?"

"पंधरा-वीस लाख असेल."

"असेल?"

त्यानं सॅकच्या आतल्या कप्प्यातून एक लिफाफा काढला. बँकेचा, तीन आठवड्यांपूर्वीचा. कडा हाताळून मऊ पडलेल्या, पण फोडलेला नव्हता. मी त्याला थेट विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? हा प्रश्न विचारायला आपण घाबरतो, घाबरू नये. "तसं नाही मॅडम, पण सकाळ होऊ नये असं वाटतं." त्याला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला, रूम पार्टनरला कल्पना द्यायला लावली, आणि मग लिफाफ्यामागची गोष्ट हळूहळू बाहेर आली.

वडील एसटीत कंडक्टर, सोलापूर जिल्ह्यातल्या एका डेपोत. २०२० साली कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, ओंकारला सिव्हिल इंजिनिअरिंग मिळत होतं. ते घेतलं असतं तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क सरकारनं भरलं असतं. त्यानं कॉम्प्युटरचा हट्ट धरला. मॅनेजमेंट कोट्यात प्रवेश घेतला, म्हणजे शिष्यवृत्ती गेली. वर्षाला दीड लाखाप्रमाणे सहा लाखांचं कर्ज, वडील सहकर्जदार. दुसऱ्या वर्षी एसटीचा संप झाला, पाच महिने पगार नाही. मेससाठी आईचं गंठण पतसंस्थेत गेलं. आणि शेवटी नोकरी लागली ती साडेतीन लाखांची. घरी त्यानं साडेपाच सांगितलं. वडिलांनी डेपोत पेढे वाटले.

आता हप्ता सुरू होणार, आणि पगार किती ते उघडं पडणार. रात्री तीनला त्याला उठवणारी गोष्ट बँक नव्हती, ते पेढे होते.

माझा पिंड घरच्यांना समोरासमोर बसवण्याचा आहे. एकट्या मुलाला 'सकारात्मक विचार कर' म्हणून घरी पाठवणं मला जमत नाही, आणि खरं सांगायचं तर पटतही नाही. पुढच्या भेटीला वडील आले. पुढे ड्युटी होती म्हणून खाकी शर्टातच. खुर्चीच्या कडेवर बसले, पिशवी मांडीवर.

ओंकार दहा मिनिटं गप्प. मग म्हणाला, "बाबा, पॅकेज साडेपाच नाही. साडेतीन आहे. हातात चोवीस हजार येतात."

मी पुढच्या वाक्यासाठी तयार होते. राग, डोळ्यांत पाणी, 'जाऊ दे बाळा'. यातलं काहीही आलं तर काय करायचं ते मला ठाऊक होतं. वडिलांनी विचारलं,

"मग हप्ता बसंल का?"

एवढंच. मी इतकी वर्षं हे काम करतेय, पण त्या प्रश्नानं मला जे शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. मी माफीची जुळवाजुळव करत होते. त्या दोघांना हवा होता हिशोब.

लिफाफा फोडला. शिकतानाच्या आणि त्यानंतरच्या एका वर्षाच्या सवलतीच्या काळात या कर्जावर सरळव्याज लागतं. १० टक्क्यांनं, चार टप्प्यांत उचललेल्या दीड-दीड लाखांवर ते २ लाख १० हजार झालं होतं. एकूण ८ लाख १० हजार. वडिलांना आकडा तोंडपाठ होता. पोराच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून पाच वर्षं बोलले नव्हते. आणि पोरगं पाच वर्षं अंधारात त्याचे वीस लाख करून बसलं होतं.

मग माझ्या पॅडवर आम्ही तिघांनी मांडलं. बँकेनं सात वर्षांची मुदत धरली होती, हप्ता साधारण १३,४५०. चोवीस हजारांत भाडं, मेस, बसपास धरून बसणं शक्य नाही. दहा वर्षं केली तर १०,७००. पंधरा केली तर ८,७००. पंधरा वर्षांत एकूण भरणा साडेपंधरा लाखांच्या वर जातो, हे वडिलांनीच आधी बोट ठेवून दाखवलं. तरी मुदत पंधराचीच मागायची आणि पगार वाढला की जास्तीचे भरत जायचं, असं ठरलं. बदलत्या व्याजदराच्या अशा कर्जात मुदतीआधी भरल्याचा दंड लागत नाही.

उठताना वडील म्हणाले, "कॅश कमी भरली तर मी खिशातून घालतो, वेबिल म्हंजी दिवसाच्या तिकिटांचा हिशोब जमा करतो आन् झोपतो. ह्यानं पाच म्हैने वेबिलच जमा केलं नाही बघा मॅडम."

ओंकार हसला. माझ्या केबिनमध्ये पहिल्यांदाच.

हे सगळ्यांनाच इतकं सरळ जात नाही, नोकरीच नसली तर आणखी अवघड. पण बँकेत जायचं ते पहिला हप्ता चुकायच्या आधी. मुदत वाढवून मागायला लाज कसली? आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत फेडीची मुदत पंधरा वर्षांपर्यंत आहे, मागणी मात्र लेखी द्या. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलं जातं आणि सहकर्जदार आईबापांचंही सिबिल, म्हणजे कर्जातली पत, बिघडते. हप्ता भरायला मोबाइल ॲपवरून कर्ज, हा प्रकार मी दरवर्षी पाहते, तो विहिरीतून निघून आडात पडण्यासारखा आहे. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हे पाठ ठेवा.

यंदा प्रवेश घेणाऱ्यांनी शाखेच्या आधी शिष्यवृत्तीचा हिशोब करावा. २०२४-२५पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून हवा. ही अट कितीतरी पालकांना माझ्याकडे आल्यावर कळते. तोवर पैसे भरलेले असतात.

आणि आईबापांनो, आकडा मुलांना सांगा. सहीच्या दिवशीच. अठरा वर्षांच्या मुलाला मतदान जमतं, तर व्याजही कळतं.

बँकेनं ओंकारला बारा वर्षांचीच मुदत दिली. थोडी ओढाताण आहे, झोप बरी आहे. दिवाळीला गावी गेला तो वडिलांच्याच गाडीनं. मी विचारलं, तिकीट काढलं का?

"बाबांनीच दिलं. पूर्ण. पाचशेची नोट दिली तर म्हणाले, सुट्टे काढ."