तीन गोळ्या हरल्या, असं तू लिहिलंस

डिचोली

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा एका वाक्याचा रागच आला. 'काका, तीन गोळ्या झाल्या, तिन्ही फेल. आता मला काही लागू पडणार नाही.' पस्तीस वर्षं मी औषधांच्या दुकानात उभा राहिलो आणि त्याहून जास्त वर्षं स्वतः फिटची गोळी घेतोय. तुझ्या तीनही गोळ्यांचा हिशेब तपासू, मग ठरव कोण हरलं ते.

पहिली लेव्हेटिरासिटाम. तीन आठवडे घेतलीस. त्यात फिट एकही आली नाही, पण आईवर ताट फेकलंस, रात्र रात्र रडलीस, आणि गोळी बंद झाली. तो राग गोळीचा होता गं. सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतो त्यांची घरं मी काउंटरपलीकडून ऐकली आहेत. पण ही गोळी तुला सोसली नाही. लागू पडली नाही, असं कुठे दिसलं? हे दोन रकाने वेगळे. अपस्माराच्या, म्हणजे आपल्या या फिटच्या आजाराच्या, आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० साली याची व्याख्याच करून ठेवली आहे: आजाराच्या प्रकाराला साजेशी, सोसणारी, पुरेशा मात्रेत आणि पुरेसे दिवस दिलेली दोन औषधं फिट थांबवू शकली नाहीत, तरच आजार औषधाला दाद देत नाही असं म्हणायचं. या मापाने तुझी पहिली गोळी मोजायचीच नाही.

दुसरी कार्बामाझेपिन. तू लिहितेस, 'पहिला महिना छान गेला, मग परत सुरू.' या गोळीची ती जुनी खोड आहे. आपल्यालाच लवकर मोडून टाकायला ती यकृताला शिकवते, त्यामुळे तीन ते पाच आठवड्यांत तेवढ्याच गोळीची रक्तातली पातळी खाली येते. हे माहीत असलेले डॉक्टर त्या सुमाराला परत बोलावतात आणि मात्रा वाढवतात. तू गेलीसच नाहीस. 'दिवसभर गुंगी, त्यात अजून वाढवतील' म्हणून घाबरलीस. दिवसाला चारशे मिलिग्रॅमवर अडकून बसलीस आणि मग गोळी निकामी ठरवलीस.

तिसरी, सध्याची, लॅमोट्रिजिन. ही हळूहळूच चढवावी लागते, घाईने वाढवली तर अंगावर जीवघेणं पुरळ उठू शकतं. (उठलंच तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस, त्याच दिवशी दाखव.) तुझी मात्रा व्यवस्थित चढली होती, मग ऑगस्टपासून फिट वाढल्या कशा, हे मला कळेना. पत्राच्या शेवटी ता. क. दिसला: 'पाळी नियमित व्हावी म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, चालतील ना?'

अख्ख्या पत्रातली महत्त्वाची ओळ तू ता. क. मध्ये घातलीस! त्या गोळ्यांत बहुधा इस्ट्रोजेन असणार, आणि इस्ट्रोजेन लॅमोट्रिजिनची पातळी जवळपास निम्म्यावर आणू शकतं. दर महिन्याला मधे आठवडाभर त्या गोळ्या थांबल्या की पातळी परत वर, मग चक्कर. तू सांगितलेली चक्करही तेव्हाचीच आहे का, कॅलेंडर काढून बघ. मात्र मनाने काही बंद करू नकोस. फिटची गोळी तर एकदम कधीच नाही, त्याने फिटमागून फिट लागू शकते. पाळीचे डॉक्टर आणि मेंदूचे डॉक्टर एकमेकांशी बोलतील या भरवशावर राहू नकोस. दोघांची कागदपत्रं दोघांपुढे ठेवायची. दातदुखीची, तापाची गोळी घेतानाही हेच. ट्रॅमाडॉलसारखी दुखण्यावरची गोळी फिटला वाट करून देते, आणि काही अँटिबायोटिक्ससुद्धा.

त्यात गणेश चवथीच्या दोन रात्री आरत्या, भजनं, जागरण आणि गोळी विसरली. शिवाय त्या पाच दिवसांत आपल्याकडे अर्धा बाजार बंद. गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाबरोबर पंधरा दिवसांच्या स्ट्रिप्स आणून ठेवायच्या, हे दरवर्षी गिऱ्हाइकांना सांगून माझा घसा बसायचा.

आता माझी गोष्ट, तुला हसू येईल. सोळाव्या वर्षी मला पहिली मोठी फिट आली. चप्पल हुंगवून झाली, कांदा झाला, देवचाराला नारळ झाला, मग डॉक्टर. त्यांनी दिलेल्या गोळीने माझं बिघडतच गेलं. सकाळी चहा घेताना हात उडायचा आणि कप जमिनीवर. आई म्हणायची वेंधळा आहे, मलाही तेच वाटायचं. ते हाताचे झटके म्हणजे आजाराचंच लक्षण, हे चौथ्या वर्षी एका डॉक्टरांनी विचारलं, 'सकाळी हातातून वस्तू पडतात का?' तेव्हा कळलं. माझ्या प्रकारच्या अपस्मारात कार्बामाझेपिन झटके वाढवते, आणि मी चार वर्षं तीच गिळत होतो. पहिल्या डॉक्टरांनी विचारलं नाही हे खरं, पण मीही कधी सांगितलं नाही. औषध बदललं आणि दोन महिन्यांत घरातले कप फुटायचे थांबले. ते औषध व्हॅल्प्रोएट. माझं ऐकून ते मागायला जाऊ नकोस. तुझ्या वयाच्या मुलीला ते शक्यतो देत नाहीत, गरोदरपणात बाळाला फार धोका असतो.

तुझा प्रकार निराळा दिसतो. एकटक बघणं, ओठ चावल्यासारखे हलणं, बोटांनी ओढणी चिवडणं, मग काही न आठवणं. तुला स्वतःला यातलं काहीच दिसत नाही, तेव्हा भावाला सांग, धावपळ करण्याआधी कुशीवर वळव आणि मोबाइलवर टिपून ठेव. अर्ध्या मिनिटाच्या त्या व्हिडिओवरून डॉक्टरांना जे कळतं ते आईच्या तासाभराच्या वर्णनातून कळत नाही. फिट पाच मिनिटांवर गेली तर मात्र मोबाइलवरून १०८ लावायचा.

आणि हे सगळं नीट करूनही लॅमोट्रिजिन आणि आणखी एखादं औषध खरोखर हरलं तर? तर पाचवी, सहावी, सातवी गोळी करत वर्षं घालवू नकोस. ग्लासगोत ४७० नव्या रुग्णांचा हिशेब २००० साली छापून आला. २२२ जणांच्या फिट पहिल्याच औषधाने थांबल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने आणखी फक्त ६७ जणांच्या. पुढे वाट अरुंद होत जाते. बंद होत नाही, पण तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार होईल का, हे विचारायचं. तुझ्यासारख्या, कानशिलामागच्या मेंदूतून उठणाऱ्या फिटवर कॅनडात ८० जणांवर अभ्यास झाला, २००१ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के मुक्त होते, नुसत्या औषधांवरच्या गटातले ८ टक्के. ज्याच्या एमआरआयमध्ये आणि व्हिडिओ ईईजीमध्ये, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या नोंदीत, फिट उठायची जागा एकच दिसते त्यालाच हे जमतं, सगळ्यांना नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत हे काम वर्षानुवर्षं चाललंय, आणि मडगावहून रेल्वे थेट तिथवर जाते. आईला आत्ताच सांगू नकोस, उगाच देव पाण्यात घालून बसेल.

स्कूटरचं विचारलं होतंस. नाही. कदंबाच्या बसने जा, शिव्या मला दे. न्हाणीघराची कडीही लावू नकोस, आणि विहिरीवर एकटी नको.

येत्या शुक्रवारी बांबोळीला गोमेकॉत, गोवा मेडिकल कॉलेजात, जाशील तेव्हा कागदावर तीन ओळी नेशील: कुठली गोळी, जास्तीत जास्त किती मात्रा, का बंद झाली. चौथी ओळ पाळीच्या गोळ्यांची. पाकिटावरचं नाव वाचता येत नाही म्हणतेस, तर जाताना डिचोलीला उतर आणि मला दाखव, भिंग माझ्याकडे आहे. सकाळची गोळी घेऊन नीघ.

तुझा,
दुकानातला काका