६० हजारात गेमिंग पीसी: आधी प्रत्येक पार्टचं पूर्ण नाव लिहून घ्या

प्रश्न: सर नमस्कार. मी राजारामपुरीत राहते. मुलाची बारावी झाली, आता कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतलंय. त्याला गेमिंग पीसीच पाहिजे, आम्ही सगळं मिळून ६० हजार बाजूला काढलेत, मॉनिटर त्यातच बसवायचाय. एका दुकानात तयार पीसी बघितला, काचेचं कॅबिनेट, आत रंगीत पंखे, मुलगा तिथंच खूश. कोटेशनवर एवढंच लिहिलंय, "आय ५ गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५२ हजार, मॉनिटर ८ हजार". मुलगा म्हणतोय आजच घेऊया, त्याचे बाबा म्हणतात फसशील. काय करू?

उत्तर: ताई, पैसे दिले नसतील तर दोन दिवस थांबा. दुकानदार फसवतोयच असं मी म्हणत नाही, पण त्या कोटेशनवरून तो नक्की काय देणार हे कुणालाच सांगता येणार नाही. आपल्याकडं गुळाचा रवा नुसता पिवळाधमक दिसतोय म्हणून कोण घेत नाही, कोपरा फोडून चव बघतात, आणि इथं ५२ हजाराचा पीसी आपण पंख्याच्या लाइटवर घ्यायला निघालोय.

आता "आय ५" हा शब्दच घ्या. ते इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं, म्हणजे पीसीच्या मेंदूचं, घराणं आहे. २०१२ साली आलेला ३४७० पण आय ५ आणि २०२२ साली आलेला १२४००एफ पण आय ५. मध्ये १० वर्षं गेली, पहिल्यात ४ कोर (कोर म्हणजे आत काम करणारे हात), दुसऱ्यात ६ कोर आणि १२ थ्रेड, म्हणजे एकावेळी १२ कामं धरतो, पण कागदावर दोन्ही "आय ५"च. "४ जीबी ग्राफिक्स कार्ड"चं तर त्याहून अवघड आहे. जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड ४ जीबीत मिळतं आणि २०१९ चं जीटीएक्स १६५० पण ४ जीबीच. पहिल्यावर पिक्चर बघा, एक्सेल करा, नवीन गेम मात्र विसरा. जीबी म्हणजे कार्डाची ताकद नाही, ती त्याच्यावरची मेमरी आहे. त्यावरून गोडाऊन केवढं ते कळतं, हमाल किती आहेत ते कळत नाही.

म्हणून एक काम करा, साधा कोरा कागद घेऊन दुकानात जा आणि त्यावर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट, मॉनिटर असं एकाखाली एक लिहा, आणि प्रत्येकापुढं कंपनी, पूर्ण मॉडेल नंबर आणि वॉरंटी किती वर्षं हे त्यांनाच भरायला सांगा. सरळ माणूस असेल तर पाच मिनिटांत भरून देईल. "मॅडम तुम्हाला त्यातलं काय कळणार" असं म्हणाला तर तिथून उठा, कोल्हापुरात दुकानं काय कमी नाहीत.

आता त्या कागदावर काय यायला पाहिजे ते सांगतो. प्रोसेसर इंटेलचा १२४०० किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००, दोन्ही ६ कोरचे, तुमच्या बजेटमधल्या कार्डाला भरपूर झाले. इंटेलच्या नंबरामागं "एफ" असेल तर त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, थोडा स्वस्त पडतो म्हणून दुकानदार तोच लावतात, पण उद्या कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं तर स्क्रीनवर काहीच येणार नाही आणि मुलाची सबमिशन तोंडावर असताना पीसी नुसता पडून राहील. साध्या ५६०० चं पण तसंच. जमलं तर "एफ" नसलेला इंटेलचाच घ्या असं मी तुम्हाला मुद्दाम सांगतोय, कारण हा पीसी अभ्यासाला पण आहे.

ग्राफिक्स कार्डात आरटीएक्स ३०५० किंवा आरएक्स ६६००. इथं एक खाचखळगा आहे, ३०५० दोन प्रकारचं येतं, एक ८ जीबीचं आणि दुसरं २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं. नाव एकच, पण ६ वाल्यात कोर पण कमी आहेत आणि मेमरीचा रस्ता पण अरुंद, त्यामुळं फरक नुसता २ जीबीचा नाही. बिलावर "३०५०" एवढंच असेल तर ६ वालंच मिळेल असं धरून चाला. नुसत्या गेमचा विचार केला तर ६६०० हे ३०५० पेक्षा चांगलंच पळतं आणि त्याला ८ जीबी मेमरी आहे. पण मुलाला कॉलेजमध्ये मशीन लर्निंगकडं (कॉम्प्युटरला डेटावरून शिकवायचं तंत्र) जायचं असेल तर एनव्हिडिया कंपनीचं कार्ड, म्हणजे ३०५०, सोयीचं पडतं, तिथलं बरंचसं सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या कुडा (CUDA) नावाच्या प्रणालीवर चालतं. हे मुलाला विचारा, तुम्ही किंवा मी ठरवायची गोष्ट नाही.

रॅम १६ जीबी ठीक आहे, पण ८-८ च्या दोन पट्ट्या आहेत का १६ ची एकच ते विचारा. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला एकाच वेळी दोन रस्त्यांनी डेटा मिळतो, त्यानं गेम अडखळायचा कमी होतो. एसएसडी, म्हणजे फायली आणि गेम साठवायची जागा, एनव्हीएमई (जास्त वेगाची) असावी. ५१२ लवकर भरणार हे आत्ताच सांगून ठेवतो, एकट्या जीटीए ५ या गेमलाच १०० जीबीच्या आसपास जागा लागते, पण ती नंतर वाढवता येते, त्यासाठी आत्ता जीव काढू नका.

आणि एसएमपीएस. ताई, हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण माझ्या भाच्याला असाच तयार पीसी घेऊन दिला होता, माझ्या बहिणीनं भिशीचे पैसे त्यात घातले होते. सगळं बघितलं, एसएमपीएस कुणी बघितला नाही. पावसाळ्यातली संध्याकाळ होती, पोरगं खेळत होतं, लाइट दोनदा लुकलुकली, मग फट् असा आवाज झाला आणि जळक्या वायरचा वास खोलीभर पसरला. मी जाऊन तो डबा बाहेर काढला, हातात घेतला तर रिकाम्या बिस्किटाच्या पुड्यासारखा हलका, वर ५०० वॅटचं स्टिकर आणि कंपनीचं नाव मी आयुष्यात कधी ऐकलेलं नाही. जाताना मदरबोर्ड पण घेऊन गेला. दुकानदार म्हणाला एसएमपीएसला वॉरंटी नसते. बहिणीचा तो चेहरा मला अजून आठवतो. म्हणून सांगतो, नाव असलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवतो याचा शिक्का) लिहिलेला, ५५० वॅटचा एसएमपीएस आणि त्याला किमान ३ वर्षं वॉरंटी, यात तडजोड नाही. पैसे कमी पडले तर कॅबिनेट साधं घ्या, पंखे बिनरंगाचे घ्या, गेमला त्यानं काही फरक पडत नाही.

आता खरं सांगायचं तर ६० मध्ये हे सगळं मॉनिटरसकट बसवताना ओढाताण होणार, २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव लय चढलेत. नाहीच बसलं तर कमी दर्जाचं कार्ड घेऊ नका, त्यापेक्षा कार्डच नको म्हणा. रायझन ५ ५६००जी घ्या, त्यात बऱ्यापैकी ग्राफिक्स आतच आहे, व्हॅलोरंट वगैरे गेम आरामात चालतात, जीटीए ५ सेटिंग कमी करून चालतं, कॉलेजचं सगळं काम होतं. आणि वर्षभरानं पैसे साठले की कार्ड घाला. फक्त दोन गोष्टी, एसएमपीएस आत्ताच ५५० चा घ्या, आणि रॅम दोन पट्ट्यांचीच पाहिजे कारण आतलं ग्राफिक्स त्याच रॅममधून मेमरी वापरतं, एका पट्टीवर त्याचा बराच दम जातो. मॉनिटरच्या जागी सहा महिने घरचा टीव्ही लावला तरी चालतंय, एचडीएमआयची वायर लागते फक्त.

पैसे द्यायच्या आधी दुकानातच पीसी चालू करा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायला मुलाला सांगा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये गेलं की प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं, मेमरीवर क्लिक केलं की रॅमचे किती स्लॉट भरलेत ते दिसतं, सगळ्यात खाली ग्राफिक्स कार्डाचं नाव आणि त्याची मेमरी. कागदाशी ताडून बघा. नाव बदलून विकलेली जुनी कार्डं पण बाजारात येतात, ती टास्क मॅनेजरला फसवतात, त्यासाठी जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते बहुतेक वेळा पकडतं. मग अर्धा तास गेम लावून ठेवायला सांगा, चहा घेऊन या. बिल जीएसटीचं, प्रत्येक पार्टच्या सिरियल नंबरसकट, म्हणजे उद्या एखादा पार्ट गेला तर वॉरंटी मागायला पुरावा राहतो. विंडोज ओरिजिनल आहे का ते पण विचारा.

प्रश्न: दादा, मी गडहिंग्लजचा आहे, बीकॉमला आहे, सुट्टीत काम करून २२ हजार साठवलेत. एक जण "आय ७ गेमिंग पीसी" सेकंडहँड देतोय २० हजाराला. आय ७ म्हणजे आय ५ पेक्षा भारीच ना? व्हॅलोरंट आणि जीटीए खेळायचंय.

उत्तर: भावा, वरचं उत्तर वाचलं असशील तर कळलंच असेल, आय ७ कितवा ते विचार. या भावात बहुतेक ४७७० किंवा त्याच्याही आधीचा निघतो, तो २०१३ चा आहे. खेळायला अगदीच वाईट नाही, पण अडचण दुसरीकडं आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, आणि ४७७० तर चौथ्या पिढीचा. जुगाड करून टाकून देतात, पण विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (पीसीतल्या सुरक्षेच्या सोयी) लागतं, ते नसलं की गेम उघडतच नाही. म्हणजे ज्यासाठी घेतलास तेच बंद.

कष्टाचे पैसे आहेत तुझे, त्यापेक्षा ऑफिसमधनं निघालेला आय ५ ८५०० चा पीसी शोध, ६ कोर आहेत, विंडोज ११ व्यवस्थित चालतं. कार्ड मग सावकाश घाल. पण अशा ऑफिसच्या पीसीचा एसएमपीएस छोटा असतो आणि कार्डाला लागणारी वेगळी वायर बहुतेक नसतेच, त्यामुळं मदरबोर्डच्या स्लॉटमधनंच करंट घेणारं कार्ड बघायला लागतं, स्लॉट ७५ वॅटपर्यंत देतो. ते ६ जीबीचं ३०५०, ज्याला मी वर नावं ठेवली, ते ७० वॅटवर चालतं, तुझ्यासाठी तेच बरोबर. कॅबिनेट बारीक असेल तर लो प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्ड लागेल, टेप घेऊन मोजून घे. सेकंडहँड कार्ड घेणार असशील तर लक्षात ठेव, सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डावरचं मायनिंग (कार्ड पळवून ते चलन कमवायचं काम) बंद झालं आणि दिवसरात्र पळवलेली कार्डं ढिगानं बाजारात आली. पंखा हातानं फिरवून बघ, आवाज करतोय का, आणि गेम लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नको.

प्रश्न: इचलकरंजीत राहतो. मुलाच्या नवीन पीसीच्या कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. दुकानदार म्हणतो पीसी ठीक आहे. यूपीएस घेतला तर थांबेल का?

उत्तर: दुकानदार बहुतेक बरोबर सांगतोय. एसएमपीएसच्या आत एक फिल्टर असतो, तो थोडासा करंट अर्थिंगमध्ये सोडतो. घरात अर्थिंगच नसेल तर तो करंट जाणार कुठं, तो कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसतो. जुन्या घरात तीन पिनचा सॉकेट असतो पण मागं तिसरी वायर जोडलेलीच नसते. यूपीएसनं हे थांबणार नाही. आधी वायरमनला बोलवून अर्थिंग करून घ्या, तोपर्यंत पोराला अनवाणी पायानं कॅबिनेटला हात लावू देऊ नका. झटका जोराचा बसत असेल तर पीसी चालूच करू नका, मग एसएमपीएस पण तपासायला पाहिजे.

यूपीएस मात्र त्यानंतर घ्याच, गेम चालू असताना लाइट गेली तर पीसी नीट बंद करायला वेळ मिळतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, मुलाच्या पीसीत मोठं कार्ड असेल तर तो पुरणार नाही, १००० किंवा ११०० व्हीएचा बघा. प्रिंटर त्याला जोडू नका.