फॉरवर्ड बघताना नुसते गोल मोजू नका

एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सर्वात मोठी लीग, नव्याने बघायला लागलायत आणि फॉरवर्डची, म्हणजे आक्रमण करणाऱ्या खेळाडूची, किंमत गोलांवरून ठरवताय, म्हणून सांगतो. गोल बघाच, पण आधी बर्फावरचा वेळ बघा. एक पाळी, म्हणजे एका दमात बर्फावर खेळायचा वेळ, जेमतेम 45 सेकंदांची. जीव तोडून स्केटिंग करायचं, की लगेच बाकावर. सामन्यात कोणाच्या वाट्याला एकूण 20 मिनिटं येतात आणि कोणाच्या 8, यावरून प्रशिक्षकाचा भरवसा कळतो.

पक (हॉकीतली रबरी चकती) जवळ नसताना फॉरवर्ड काय करतो? कडेच्या फळीशी दोघांच्या धक्क्यात उभा राहून स्केटच्या टोकाने पक उकरून काढतो का? समोरच्या गोलीसमोर (गोलरक्षकासमोर) उभा राहून त्याची नजर अडवतो का? पक गेला की परत धावतो का? ही कामं ज्याला जमतात तो पंधरा वर्षं टिकतो, मग गोल कमी का असेनात.

ड्राफ्टच्या, म्हणजे संघ नवे खेळाडू ओळीने निवडतात त्यातल्या, क्रमांकाला तर अजिबात भुलू नका. मार्टिन सेंट लुई या फॉरवर्डला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नाही. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. कॅल्गरी संघाकडून 69 सामन्यांत 4 गोल, मग 2000 मध्ये नारळ! टॅम्पा बे संघाने उचलला, आणि 2004 मध्ये स्टॅनली कप (लीगचं विजेतेपद), हार्ट ट्रॉफी (सर्वात मोलाच्या खेळाडूचा मान) नि सर्वाधिक गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून), सगळं एकाच हंगामात. 2013 मध्ये सदतिसाव्या वर्षी पुन्हा गुणांत पहिला. (कॅल्गरीवाल्यांपुढे हा विषय जपून काढा.)

आवडता खेळाडू एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या खालच्या लीगमध्ये, पाठवला तरी हळहळू नका. तिथे त्याला निदान खेळायला मिळतं.